घरपोच पिपेट कॅलिब्रेशन : पाचपैकी साडेतीन

लॅबमध्ये येऊन पिपेट तपासून देणाऱ्या सेवेबद्दल हे लिहितो आहे. पिपेट म्हणजे थेंबाहूनही कमी द्रव मोजून घ्यायचं हत्यार. आधीच सांगतो, मी बायोलॉजीवाला नाही. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत गिअरच्या कारखान्यात २३ वर्षं क्वालिटी सांभाळली. मायक्रोमीटर, व्हर्नियर, स्लिप गेज, एवढंच माझं जग. भाचीनं बायोटेकमध्ये एमएस्सी करून हिंगणा रोडवर तीन खोल्यांची लॅब टाकली, तेव्हा तिला खरेदी आणि कागदपत्रं पाहायला घरचं माणूस हवं होतं. मला नोकरी सोडून आठ महिने झाले होते आणि बायकोला माझा घरात बसण्याचा वैताग आला होता. तेव्हापासून मी तिथं आहे. पगार विचारू नका.

आमचं मुख्य काम संत्र्याच्या कलमांचं. वरुड, शेंदूरजनाघाट, काटोल इकडचे नर्सरीवाले मातृवृक्षाची, म्हणजे ज्याचे डोळे कलमाला घेतात त्या झाडाची पानं पाठवतात. त्यात ग्रीनिंग या संत्र्याच्या रोगाचा जिवाणू आहे की नाही, ते आम्ही सांगतो. हा जिवाणू झाडाच्या अन्न वाहणाऱ्या नळ्यांत राहतो, सिट्रस सिला नावाची बारकी कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, आणि रोगट झाडाचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरला की रोग कलमासोबत फुकटात जातो. पानं पिवळी पडतात, पण जस्त कमी पडलं तरी अशीच पडतात. डोळ्यांनी पाहून खात्री होत नाही, जिवाणू बशीत सहजी वाढत नाही. उरतं पीसीआर, म्हणजे मशीनमध्ये डीएनएच्या प्रती वाढवून जिवाणू ओळखणं. पानाची मधली शीर कापायची, डीएनए काढायचा, त्यातला २ मायक्रोलिटर मशीनमध्ये घालायचा. २ मायक्रोलिटर म्हणजे किती? डोळ्यात औषध घालतात त्या एका थेंबात असे डझनभर तरी निघतील. हे सगळं मोजणारं हत्यार म्हणजे पिपेट, आणि ती पिपेट खरं बोलते की नाही हे तपासणाऱ्या सेवेबद्दल हे लिहून राहिलो आहे.

दोन फर्मचा अनुभव आहे. नाव एकाचंही लिहीत नाही. आधीच्याचं लिहिलं तर भांडण, आत्ताच्याचं लिहिलं तर जाहिरात.

आधीचा माणूस भाचीनं शोधला होता, मी यायच्या आधीपासूनचा. दर पिपेटला २५० रुपये, नऊ पिपेटचे २,२५०. सकाळी ११ ला यायचा, दीडपर्यंत काम संपवून स्टिकर चिकटवून जायचा. हिरवे गोल स्टिकर, त्यावर सही, पुढची तारीख. प्रमाणपत्रावर नवाच्या नऊ पिपेटसमोर ‘योग्य’. भाची खूश. मी पहिल्या वर्षी काही बोललो नाही, कारण मला या कामातलं काही कळत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी मी आयएसओ ८६५५ वाचलं. पिपेटचं जागतिक प्रमाण आहे ते, २००२ मध्ये आलं, २०२२ मध्ये सुधारलं. त्यात सांगितलेली पद्धत माझ्यासारख्याला लगेच पटते: पिपेटनं शुद्ध पाणी घ्या, तराजूवर सोडा, वजन करा, वजनावरून आकारमान काढा. पिपेटच्या कमाल मापावर १० वेळा, निम्म्यावर १० वेळा, दहाव्या हिश्श्यावर १० वेळा. म्हणजे एका पिपेटला ३० वजनं. आमच्याकडे आठ साध्या पिपेट आणि एक आठ तोंडांची. त्या आठ तोंडांतलं प्रत्येक तोंड वेगळं तपासायचं असतं. म्हणून एकूण १६ तोंडं, ४८० वजनं.

आता कारखान्यातल्या माणसाला सायकल टाइम काढायला सांगावं लागत नाही. ११ ते दीड म्हणजे १५० मिनिटं, ९,००० सेकंद. ४८० नं भागा. एका वजनाला पावणेएकोणीस सेकंद. यात टिप, म्हणजे पिपेटच्या टोकाची प्लास्टिकची नळी लावणं, पाणी घेणं, सोडणं, तराजूचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबणं, लिहून घेणं आणि मधला चहा, सगळं आलं. भाचीला म्हटलं, "बाई, हा माणूस जादूगार आहे किंवा हा मोजतच नाही." ती म्हणाली, "मामा, तुम्ही कुठेही स्टॉपवॉच काढता." पण पुढच्या खेपेला ती शेजारी उभी राहिली. त्यानं प्रत्येक मापावर तीन-तीन वजनं केली, बाकीचे आकडे टेबलावर बसून भरले.

तराजूही तसाच. ग्रॅमचे चार दशांश दाखवणारा, म्हणजे ०.१ मिलिग्रॅमच्या टप्प्यानं. १० मायक्रोलिटर पाण्याचं वजन साधारण १० मिलिग्रॅम. १० मायक्रोलिटरच्या पिपेटला कमाल मापावर चूक चालते ०.१२ मिलिग्रॅमइतकी. ज्या काट्याची सगळ्यात बारीक खूणच ०.१ ची, त्यावर ०.१२ ची चूक कशी सापडणार? कांद्याच्या काट्यावर मंगळसूत्राची वाटी तोलण्यातला प्रकार. इतक्या लहान मापाला सहा दशांशांचा तराजू लागतो. हे त्याला विचारलं तर म्हणाला, "साहेब, सगळ्या कॉलेजांत हाच चालतो." असेल.

मग ही दुसरी फर्म. फोनवरच फरक कळला. त्यांनी आधी विचारलं की कोणत्या टिप वापरता, खोलीत एसी आहे का, टेबल कशाचं आहे, आणि वरच्या मजल्यावर आहात तर रस्ता किती लांब. दर ऐकून मात्र भाचीचं तोंड उतरलं. साध्या पिपेटला ७५०, आठ तोंडांच्या पिपेटला २,८००, त्यावर १८ टक्के जीएसटी.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ते आले. दोघं, एक पोरगा आणि एक पोरगी, दोन पेट्या. पोरगा वणीकडचा असावा, बोलण्यावरून तरी. पेटीतून तराजू काढून त्यांनी आमच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवला, लेव्हल केला आणि शेजारी तापमान-आर्द्रतेचं यंत्र लावलं. बाहेर ४३ अंश. आत एसीमुळे २६. आर्द्रता २२ टक्के.

पोरानं यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काका, एवढ्या कोरड्यात नाही होत."

मला वाटलं, काम टाळून राहिला. प्रमाणात आर्द्रता ४५ ते ८० टक्के लिहिली आहे हे मीही वाचलं होतं, पण नागपुरात एप्रिलमध्ये ४५ टक्के आणायची कुठून? मी म्हटलं, कूलर लावतो. आपल्याकडे उन्हाळ्यात दुसरं काय असतं! खालच्या मजल्यावरून लोखंडी कूलर वर चढवला, वाळ्याच्या ताट्या भिजवल्या, एसी बंद केला. अर्ध्या तासात आर्द्रता ४१ झाली, वाळ्याचा वास सुटला, आणि तराजूचा शेवटचा आकडा असा नाचायला लागला की बघत राहावं. कूलरची हवा, कूलरच्या मोटारीची थरथर, आणि वरून तापमान मिनिटागणिक बदलतंय. कूलर बंद करावा तर दहा मिनिटांत पुन्हा ३०. त्या पोरीनं मला जवळ बोलावून तराजूवरच्या भांड्यात पाण्याचा थेंब टाकून दाखवला. काहीही न करता आकडा खाली खाली जात होता. पाणी डोळ्यांदेखत उडत होतं. १ मायक्रोलिटर मोजायचा आणि तो मोजेपर्यंत त्यातला काही भाग हवेत, मग पिपेट चांगली असली तरी कमी भरते असंच दिसणार.

ते परत गेले. फेरीचे १,५०० रुपये घेऊन. या १,५०० चा राग मला अजून आहे. फोनवर टिपपासून टेबलापर्यंत सगळं विचारणाऱ्याला नागपुरात एप्रिलमध्ये हवा कोरडी असते हे विचारावं लागतं का? हे त्यांना आधी कळायला हवं होतं. अर्धा तारा याचाच कापला आहे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आले. आर्द्रता ६८, तापमान २५, आणि दोन दिवस काम. रस्त्यावरून ट्रेलर गेला की तराजू थरथरायचा आणि ते हात थांबवून बसायचे. मला कंटाळा आला, त्यांना नाही. प्रत्येक नवीन टिपमधून आधी पाणी दोन-तीनदा वर-खाली करून मग मोजायचे, कारण कोरड्या टिपमधली हवाही पाण्याची वाफ पिते. टिप आमच्याच डब्यातल्या वापरल्या. आधीचा माणूस स्वतःच्या आणायचा, त्यामुळे त्याच्या टिपवर पिपेट कशी चालते हेच फक्त कळायचं. वजनाचं आकारमान करताना तापमानाचा गुणक लावतात. २५ अंशाला १ मिलिग्रॅम म्हणजे सरळ १ मायक्रोलिटर नव्हे, साधारण १.००४. जुन्या प्रमाणपत्रावर हा गुणक कुठंच नव्हता.

आणि आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते. नव्या प्रमाणपत्रावर प्रत्येक पिपेटचे दोन तक्ते असतात: आली तेव्हा कशी होती, आणि दुरुस्त करून दिली तेव्हा कशी आहे. कॅलिब्रेशनच्या भाषेत याला ‘ॲज फाउंड’ आणि ‘ॲज लेफ्ट’ म्हणतात. आधीचा माणूस फक्त दुसरा द्यायचा. लोकांना वाटतं दुसराच कामाचा, कारण उद्यापासून पिपेट बरोबर चालणार. कारखान्यात उलटं शिकवतात. मायक्रोमीटर तपासणीत चुकीचा निघाला की तो दुरुस्त करण्याआधी पहिला प्रश्न असतो की मागच्या तपासणीपासून यानं किती जॉब पास केले. तो माल गोदामात असेल तर लाल टॅग, गेला असेल तर गिऱ्हाइकाला फोन. मी एकदा उत्तराखंडातल्या पंतनगरला अशा भानगडीत सहा दिवस दुसऱ्याच्या गोदामात पिनिअन मोजत बसलो होतो. ‘आली तेव्हा कशी होती’ हा तक्ता नसेल तर मागचं सगळं अंधारात राहतं. स्टिकरला तर मी किंमतच देत नाही.

आमच्या नवापैकी सात पिपेट ठीक होत्या. आठ तोंडांच्या पिपेटचं पाचवं तोंड गळत होतं. पाणी भरून सरळ धरली तर वीसेक सेकंदांत टोकाला थेंब दिसायचा. ही आम्ही फक्त मिश्रण वाटायला वापरतो, आणि भाचीला पाचव्या रांगेबद्दल संशय होताच. खरी गोष्ट १० मायक्रोलिटरवालीची. कमाल मापावर २.६ टक्के कमी भरत होती, जिथं १.२ टक्क्यापर्यंत चालतं. आणि १ मायक्रोलिटरवर तब्बल ९ टक्के कमी.

पोरानं विचारलं, "काका, ही पडली होती काय कधी?"

मी भाचीकडे पाहिलं, भाचीनं आमच्या लॅबमधल्या शिकाऊ पोराकडे पाहिलं, शिकाऊ पोरानं खिडकीबाहेर पाहिलं.

हीच ती पिपेट, जिच्यानं डीएनए घालतात. मग आमच्याकडे लाल टॅगचा दिवस उजाडला. शिकाऊ पोरगा पिपेट पडल्याची तारीख सांगेना, तेव्हा मागच्या तपासणीपर्यंत जावं लागलं. भाचीनं सीमारेषेवरचे सगळे निकाल काढले. ११ नमुने निघाले, डीएनए फ्रीझरमध्ये होताच. ते दुसऱ्या पिपेटनं पुन्हा लावले.

अकराच्या अकरा तेच आले. मला खरं सांगायचं तर थोडं वाईट वाटलं, एवढी धावपळ करून काही सापडलं नाही म्हणून. भाचीनं पेन काढून समजावलं. पीसीआरमध्ये दर फेरीला डीएनए दुप्पट होतो. २ मायक्रोलिटरवर ७ टक्के कमी पडलं धरलं तर निकाल फार तर ०.१ फेरी उशिरा येतो. ३५-३६ फेऱ्यांच्या खेळात ०.१ म्हणजे काही नाही. "मामा, आपण हो की नाही एवढंच सांगतो. म्हणून वाचलो. किती आहे ते सांगत असतो तर मेलो असतो." कारण तुलनेसाठीचं प्रमाण द्रावण पातळ करत नेताना १० मायक्रोलिटर घेऊन ९० मध्ये घालतात, त्यातून पुन्हा १०, असं सहा वेळा. दर पायरीला थोडं थोडं कमी, आणि सहाव्या पायरीवर १३ टक्क्यांची तूट. हे मी स्वतः कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं, बरोबर आहे. गिअरच्या साखळीत टॉलरन्स, म्हणजे चालवून घेतलेली चूक, साठत जातो, तसंच हे.

दुरुस्तीत त्यांनी पिस्टनची सील आणि ओ-रिंग बदलली, सामानाचे १,४०० लावले, जुनी रिंग पिशवीत घालून परत दिली. चिरलेली होती, भिंगाखाली दिसली. जुना सुटा भाग परत देणारा मेकॅनिक मला आवडतो, मग तो स्कूटरचा असो की पिपेटचा. त्यानंतरचा तक्ता: १० वर ०.३ टक्के कमी, १ वर १.१ टक्के कमी. एकूण बिल जीएसटीसकट १२,०३६. एप्रिलचे १,५०० वेगळे, हे मी विसरलेलो नाही.

तक्रारी अजून दोन. प्रमाणपत्र पाच दिवसांत देतो म्हणाले आणि १९ दिवस लावले, तेही तीन फोन केल्यावर. तेवढे दिवस पिपेट दुरुस्त असून आम्हाला कागदाअभावी वापरता येत नव्हती, भाचीनं दुसऱ्या लॅबमधून एक उसनी आणली. दुसरं, प्रमाणपत्रावर १,००० मायक्रोलिटरवालीचा अनुक्रमांक चुकला होता, शेवटचे दोन आकडे उलटसुलट. दुरुस्त करून दिलं, पण ते मला दिसलं म्हणून. एनएबीएल या लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या फर्मकडून हे होऊ नये. मोजणं एवढं नीट आणि टायपिंग असं, बाप्पा!

जाताना त्या पोरीनं एक सल्ला दिला. म्हणाली, वर्षातून एकदा आम्ही येऊ, पण दर महिन्याला तुम्हीच एका मापावर पाच वजनं करून आलेखावर टिंब मांडा. मला हसू आलं. हे तर माझं जुनं घर. वॉल्टर श्यूहार्टनं मे १९२४ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये असा पहिला आलेख काढला, कारखान्यातला माल हाताबाहेर जातोय का ते कळायला. १९५० मध्ये लेव्ही आणि जेनिंग्स यांनी तो रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये नेला, १९८१ मध्ये वेस्टगार्डनं त्याचे नियम बांधले. आज भाचीच्या पुस्तकात तो लेव्ही-जेनिंग्स आलेख म्हणून आहे आणि तिला वाटत होतं ती लॅबवाल्यांचीच वस्तू. मी जुन्या कारखान्यातली माझी वही आणून दाखवली. तीच मधली रेघ, त्याच वर-खालच्या दोन रेघा.

तर आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आमच्याकडे टिंबं पडतात. भरीस भर म्हणून मी तिघांच्या हातांचीही परीक्षा घेतली, कारखान्यात गेज आर अँड आर म्हणतात तशी: तीच पिपेट, तेच पाणी, माणसं वेगळी. भाची सगळ्यात सरळ. शिकाऊ पोरगा पिपेट तिरकी धरतो आणि टिप पाण्यात बोटभर बुडवतो, खरं तर दोन-तीन मिलिमीटर पुरते, म्हणून त्याचं माप जास्त. आणि सगळ्यात फाकलेली टिंबं माझी. पिपेटच्या चुकीपेक्षा माझ्या हाताची चूक मोठी निघाली. भाचीनं मला पिपेटला हात लावायची बंदी केली आहे, आणि ती बंदी तिनं त्याच लाल टॅगवर लिहून माझ्या खुर्चीला बांधली. कोणत्याही फर्मला ७५० रुपयांत हे दुरुस्त करता येत नाही.

कोणाला बोलवायचं असेल तर फोनवर तराजू किती दशांशांचा ते विचारा, ‘आली तेव्हा’चा तक्ता देता का ते विचारा, आणि किती वेळ लागेल ते विचारा. दोन तासांत नऊ पिपेट म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा. छोट्या लॅबला हा खर्च जड आहे, हे खरंच. आम्ही यंदा आठपैकी दोन जुन्या पिपेट तपासणीतून काढल्या, त्यांना लाल चिकटपट्टी गुंडाळली, आणि आता त्या फक्त जेलमध्ये रंग भरायला आणि शिकाऊ पोराला सराव करायला आहेत. पुढच्या खेपेला तेवढे १,५०० वाचतील. योगायोग बघा, आकडा तोच.

पुढच्या वर्षीची वेळ घ्यायला परवा फोन केला. त्या वणीकडच्या पोरानंच उचलला. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाला, "कूलरवाले काका ना? एप्रिल सोडून कधीबी सांगा."